डोंगराच्या पोटातला लाल डबा

अहो,

सकाळी टेबलावरच्या तुमच्या छोट्या रेल्वेचं इंजिन बोगद्यात अडकलं, तेव्हा "रुळांना हात कोणी लावला?" असं भिंतीकडे बघून विचारलंत आणि कामाला निघून गेलात. भिंत काही बोलली नाही, म्हणून मी सांगते.

ब्रेडच्या सुरीनं मी बोगद्यावरच्या डोंगराला मागून हात जाईल एवढं भोक पाडलंय. असं भोक आधीच ठेवा म्हणून प्लास्टर लावताना सांगत होते, पण तुम्हाला गवत चिकटवायची घाई. इंजिन शाबूत आहे. त्याच्या पुढ्यात तुमच्या गाडीचा तो लाल डबा उभा होता. मी केरात टाकला असं समजून ज्याच्यापायी तेरा दिवस माझ्याशी धड बोलत नाही आहात, तोच. त्याच्यासाठी मी कचऱ्याची अख्खी पिशवी उपडी करून चिवडली होती. तुम्ही तो रुळावरच ठेवून वर डोंगर बांधलात.

जेवण ओट्यावर झाकलंय. डबा तुमच्या ताटात ठेवलाय, तो उचलल्याशिवाय वाढून घेता येणार नाही. मी ताईकडे जाऊन सातला येते. तेव्हा जे बोलायचं ते भिंतीला नको, मला सांगा.