वजाबाकीत गेलेलं लोखंड

प्रिय बापू,

तुम्ही गेल्यापासून आठ महिने मी तुमच्याशी मनातसुद्धा बोललेले नाही. फोटोला हार घालते तोही तुमच्या डोळ्यांकडे न बघता. आज मात्र लिहावंच लागतंय. आपल्या धाकट्या संतोषने तुमची घोड्यांची ट्रॉली सरळ करून आणलीय आणि आज दुपारी एक वाजता तो ती पिकअपला जोडून बदनापूरच्या लग्नाला निघणार आहे. बग्गी गाडीत, दोन्ही घोड्या मागे ट्रॉलीत. तुम्ही निघाला होतात तसाच.

आत्ता दहा वाजलेत. मी भुईकाट्याच्या केबिनमध्ये बसलेय. बाहेर वजनाला आलेल्या कापसाच्या गाड्यांची रांग आहे. एक गाडी उतरते, दुसरी चढते, तेवढ्या वेळात हे लिहितेय. अक्षर वाईट आलं तर रागावू नका. तुम्हाला कुठं फार वाचता येत होतं म्हणा. आकडे तेवढे चांगले वाचायचात.

ही ट्रॉली तुम्ही का करून घेतली, ते आठवतं का? बिजली पिकअपच्या फळीवरून घसरली त्या दिवशी. नवरदेवाच्या परण्याची मिरवणूक मारुतीच्या देवळापाशी खोळंबली होती, बँडवाले तेच गाणं चौथ्यांदा वाजवत होते, आणि तुम्ही रस्त्यात बसून घोडीचे सोललेले गुडघे धूत होतात. डोळ्यांत पाणी. नवरदेवाचा मामा ओरडत होता, तर त्यालाच म्हणालात, "तुमचा नवरदेव पायी गेला तर काय बिगडतंय? माजी पोरगी लंगडून राह्यली इथं." माझं लग्न झालं तेव्हा इतकं रडला नव्हतात. मी तसं म्हटलंही होतं. तुम्ही हसून उडवून लावलंत.

मग जालन्याच्या फॅब्रिकेटरकडे तुमच्या चकरा सुरू झाल्या. राजस्थानकडचे घोडेवाले जत्रेला आणतात तशी ट्रॉली हवी, बसकी, जमिनीपासून वीतभर, म्हणजे घोड्या चालत आत जातील. तिथवर ठीक होतं. पण तो जो अँगल दाखवील त्याच्यापेक्षा जाड तुम्हाला हवा. तळाला दुहेरी पत्रा. कडेला दुहेरी पाइप. तो बिचारा म्हणाला, "काका, एवढं लोखंड कशाला? दोन घोड्या नेयच्या का हत्ती?" तुम्ही म्हणालात, "तू जाड टाक. कमजोर काम नको मला." मी त्या दिवशी सोबत होते. मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं. आपल्या माणसाचं काम मजबूत असावं, यात वाईट ते काय?

ट्रॉली आली आणि तुम्ही ती सगळ्यात आधी माझ्या काट्यावर आणलीत. किती ऐटीत! पान खाऊन, नवा रुमाल बांधून. एरवी यायचात ते प्लेटवर उभं राहून स्वतःचं वजन विचारायला, आणि मी दर वेळी सांगायचे की बापू, हा काटा दहा किलोच्या हिशोबात दाखवतो, माणसांसाठी नाही. त्या दिवशी तुम्ही गंभीर होतात. म्हणालात, "शोभे, गाडीला दीड टन झेपतं असं कागदावर लिव्हलंय. बग्गी सहाशेची. आता घोड्याचं बघ, अन् सांग बराबर हाय का न्हाई."

मी काय केलं ते तुम्हाला कळलं नाही, बापू. मलाही नाही कळलं. अकरा वर्षं रोज दीडशे वेळा करते तेच केलं. भरलेली ट्रॉली घेतली. सतराशे सत्तर. घोड्या खाली उतरवायला सांगितल्या आणि रिकामी घेतली. नऊशे पन्नास. मशीनने आपोआप वजाबाकी केली आणि पावतीच्या तळाशी निव्वळ वजन छापलं. आठशे वीस. आमच्याकडे वरचे दोन आकडे कुणीच बघत नाही. कापूस घ्या, ऊस घ्या, गाडीचं वजन म्हणजे वजा करून टाकायची गोष्ट. व्यापाऱ्यालाही त्याच्याशी काही घेणं नसतं आणि शेतकऱ्यालाही.

सहाशे आणि आठशे वीस, चौदाशे वीस. दीड टनाच्या आत. "बराबर आहे बापू," मी म्हणाले. मागे ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता, त्यामुळे मान वर करून तुमच्याकडे पाहिलंही नाही.

साडेनऊशे किलो लोखंड मी वजा करून टाकलं. ते तुमच्या गाडीच्या मागे लागलेलंच होतं. तुमच्याबरोबर प्रत्येक लग्नाला जात होतं, आणि माझ्या हिशोबात ते नव्हतंच.

तुम्हाला शंका आली होती का हो कधी? एकदा सहज म्हणाला होतात, "उताराला मागून कुणी ढकलून राह्यलं असं वाटतंय." मी म्हटलं, नवीन आहे, सवय होईल. तुम्हीही मान डोलावलीत. ट्रॉलीला स्वतःची चाकं आहेत, मग तिचं ओझं गाडीला कसं होईल, असं आपण दोघंही धरून चाललो. गाडीच्या कागदावरचा दीड टन हा पाठीवर घ्यायचा आकडा होता. मागे किती ओढायचं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं आणि आपण कुणाला विचारलंही नाही. ओढायला तर गाडीने कधी कुरकुर केली नाही! त्यानेच आपल्याला फसवलं. ओढणं जमत होतं, बापू. थांबवणं जमणार नव्हतं. ट्रॉलीला ब्रेकच नव्हता.

घनसावंगीच्या रस्त्यावर पुलाकडे उतरताना पुढे एसटी थांबली. तुम्ही ब्रेक दाबला, गाडीने ऐकलं, ट्रॉलीने नाही. एवढंच मला लोकांनी सांगितलंय. त्याच्या पुढचं मी कुणाला सांगू देत नाही.

घोड्या वाचल्या. बिजलीच्या खांद्याला मार होता, तो भरला. सगळा गाव म्हणाला, मालकाने पोरी वाचवल्या. आणि लगेच दुसरं वाक्यही म्हणाला, ते मी रोज ऐकते: "वय झाल्तं म्हाताऱ्याचं. ब्रेक उशिरा मारला. गाडी हातात घेयालाच नको होती." आईसुद्धा तेच म्हणते. स्वयंपाक करता करता म्हणते, "तुज्या बापाला कितींदा सांगितलं, आता संतोषला चालवू द्या." आणि मी पोळी मोडत बसते. तुम्ही आयुष्यभर या रस्त्यांवरून घोड्या नेल्यात, आधी पायी, मग गाडीत, कधी कुणाच्या अंगाला खरचटू दिलं नाहीत. आणि आता तुम्ही गावातले एक म्हातारे ड्रायव्हर झालात, ज्यांना ब्रेक वेळेवर मारता आला नाही. हे मी होऊ दिलं. तुमच्या लेकीने.

कारण खरं मला तेराव्याच्या आधीच कळलं होतं. पोलिसांनी तुमचे कपडे परत दिले तेव्हा शर्टाच्या खिशात माझ्या काट्याची पावती निघाली. तुम्ही ती वर्षभर सांभाळली होती. आठशे वीसला पेनाने गोल केला होता. खाली सहाशे, बेरीज, आणि तुमच्या वाकड्या अक्षरात "शोभीने बघितलं". मी ती पावती वाचली आणि वरच्या दोन आकड्यांवर नजर गेली. पहिल्यांदा. न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबला. बाहेर बायकांना वाटलं, बापासाठी रडतेय.

पावती अजून माझ्याकडे आहे. कुणाला दाखवली नाही. मला भीती वाटली, बापू. काट्यावरची ताई चुकत नाही, असं सगळे म्हणतात. पण खरं सांगायचं तर मला त्यांची भीती नव्हती. भीती आईची होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं असतं आणि मग पुन्हा बघितलंच नसतं.

काल संध्याकाळी संतोषकडे गेले. ट्रॉली दारात उभी होती, चकचकीत. वाकलेल्या जागी त्याने आणखी दोन आडवे अँगल मारून घेतलेत. आणखी लोखंड! मी म्हटलं, "हे जोडू नको. घोड्या पिकअपमध्ये ने, बग्गी दुसऱ्या गाडीत टाक." तो ग्रीसचे हात पुसत म्हणाला, "ताई, उगा घाबरू नको. वजन तर तूच केलं होतं ना? बराबर हाय म्हणली होतीस. बापूचा ब्रेक उशिरा लागला. मी काय म्हातारा न्हाई." मी तोंड उघडलं. त्याची बायको चहा घेऊन आली. मी चहा प्यायले आणि घरी आले.

चहा प्यायले, बापू. रात्रभर स्वतःला विचारलं, मी कशी बाई आहे?

तुमच्यावरही राग आहे, खोटं कशाला बोलू? माझ्यावर इतका विश्वास का ठेवलात? कुणा मेकॅनिकला विचारायचं. फॅब्रिकेटरने टोकलं तेव्हा ऐकायचं. पोरगी काट्यावर बसते म्हणून तिला सगळंच कळतं, असं कसं मानलंत? मला फक्त वजाबाकी येत होती.

साडेबारा होत आले. रांग संपलीय. मी काट्याच्या मालकांना सांगून ठेवलंय की तासभर प्लेट मला लागणार आहे. कशाला ते विचारलं, तर घरचं काम आहे म्हटलं. आईलाही बोलावून घेतलंय. ती येऊन बाहेर बाकावर बसलीय, पिशवीत संतोषसाठी दशम्या घेऊन. तिला वाटतंय, निरोप द्यायला बोलावलं.

बापू, शब्द देते. संतोष या रस्त्यानेच जाणार आहे. मी फाटकाची साखळी ओढून त्याला आत घेईन. गाडी, बग्गी, ट्रॉली, दोन्ही पोरी, सगळं एकदम प्लेटवर उभं करीन आणि त्यातून काहीही वजा करणार नाही. जो आकडा येईल तो दोघांना मोठ्याने वाचून दाखवीन. मग तुमची पावती आईच्या हातात देईन आणि सांगेन की ब्रेक वेळेवरच लागला होता. चूक माझी होती.

आई काय करील, मला माहीत नाही. संतोष बहुतेक माझ्याशी जन्मात बोलणार नाही. चालेल मला. जिवंत राहून अबोला धरू दे.

तुमची लेक,
शोभा