साडेबारा नॉट

दि. ९ मार्च

कॅप्टनसाहेब,

सप्रेम नमस्कार. आपली भेट नाही. तुमच्या जहाजावरचा तिसरा अधिकारी माझा मुलगा. त्याची तब्येत आता सुधारते आहे. काल ताटातलं सगळं संपवून वर मीठ कमी म्हणून कुरकुर केली, म्हणजे बराच आहे.

तुमचं जहाज मी रोज फोनमधल्या नकाशावर बघते, तिथे ते एक छोटा बाण म्हणून दिसतं. लांबी एकशे आठ मीटर, माल भरायची दोन कोठारं, दोन क्रेन, आठ हजार टनांची क्षमता. आणि भरलेलं असताना वेग अकरा नॉट, त्याहून जास्त नाही. मुलगा चिडवतो, "आई, एवढं तर आमच्या मालकांनाही पाठ नसेल."

त्या दुपारी नकाशावरचा तुमचा बाण एकाएकी मागे वळला. मी कंपनीत फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "काकू, वादळबिदळ असेल. काळजी करू नका."

"वादळात वेग कमी होतो. इथे साडेबारा दिसतोय. कुणाला काय झालंय?"

मी पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि बाणाचं टोक ज्या बंदराकडे होतं तिथली बस पकडली. बंदरावर कळलं, आजारी माझाच मुलगा; त्याला ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर आणलं तेव्हा मी दारातच उभी होते. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर आमच्या हाती काही नसतं.

तापात तो तुम्हाला म्हणाला होता म्हणे, "साहेब, गव्हाचा माल पोचायला उशीर होईल." आणि तुम्ही ओरडलात, "गव्हाला काय धाड भरली आहे? तू गप पडून राहा!"

ह्याच्या वडिलांच्या छातीत दुखू लागलं, तेव्हा त्यांची बोट वळली नव्हती.

असो. मालकांनी तुमच्याकडे खुलासा मागितला आहे असं कळलं. मीही त्यांना एक पत्र धाडलं आहे. त्यात नमस्कार नाही.

समुद्र सोड, असा धोशा मी मुलामागे कितीतरी वर्षं लावला होता. परवा तो आपणहून म्हणाला, "आई, तू म्हणतेस तर सोडतो." मी म्हटलं, नको. डॉक्टरांनी होकार दिला की तो तुमच्याच जहाजावर रुजू होईल. दुसऱ्या कुणाच्या हाती मी त्याला दिला नसता.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्या नसतील, तर तोही तुम्हीच ठेवून घ्या.

तुमच्या तिसऱ्या अधिकाऱ्याची
आई