दुधाच्या टाकीतले पाहुणे

टॉलेफसन ओढा, विस्कॉन्सिन
ऑक्टोबरातला एक ढगाळ मंगळवार

प्रिय ऑर्लिनभावजींना आर्डिसवहिनीचा मनापासून नमस्कार.

तुमचा नवा खुबा कसा चालतो आहे? डॉक्टर म्हणाला होता म्हणे की आता नाचायलाही हरकत नाही. (आधी कधी नाचला होतात म्हणून आता नाचाल, असं मी मनात म्हटलं, पण त्याचा उत्साह कशाला मोडा.) फर्नचा रक्तदाब उतरला का? तिला सांगा, मीठ सोडलं म्हणायचं आणि लोणच्याच्या बरणीतलं पाणी प्यायचं, याला पथ्य म्हणत नाहीत. तुमच्या क्रेगचं गवताच्या यंत्रात चेमटलेलं बोट बरं झालं का, नख परत आलं का? तुमच्या सुनेच्या, टॅमीच्या, आईला अजून काहीच ऐकू येत नाही का? येत नसेल तर तुमच्या घरात सर्वांत सुखी तीच. म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्याचं काय झालं? आणि गाई बऱ्या आहेत ना? ती डाग्नी, अर्धा कान थंडीनं झडलेली, तिची तब्येत कशी आहे? सहज विचारते.

इकडे आम्ही सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

फोन न करता पत्र का, तर आमचा फोन स्वयंपाकघरात आहे, आणि तुमचा भाऊ सेल्मर दिवसभर फोनखालच्या खुर्चीत बसलेला असतो. गाई विकल्याला दोन वर्षं होऊन गेली. (त्यातल्या आठ तुमच्याच क्रेगच्या गोठ्यात आहेत, तेव्हा तुम्हाला काय सांगायचं.) पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. पहाटे धार काढायची वेळ झाली की हा उठतो, बूट चढवतो, गोठ्यात दिवा लावतो, रिकाम्या दावणींसमोर बादली पालथी घालून बसतो आणि सगळ्या धारा काढून व्हायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ काढून परत येतो. न्याहारीला मी विचारते, "काय केलंस इतका वेळ?" तर म्हणतो, "काही नाही." संध्याकाळी पुन्हा तेच. दोन वर्षांत त्यानं माझ्याशी जे बोलणं केलं ते तुम्ही एका पोस्टकार्डावर लिहू शकाल आणि वर हवापाण्याची चौकशी करायला जागा उरेल.

आता आमच्या ट्राउट मासे जपणाऱ्या मंडळाचं सांगते, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. तुम्ही इथं होतात तेव्हा मंडळ म्हणजे वर्षातून एकदा चर्चच्या तळघरात जेवण आणि सोडत, एवढंच होतं. आता ते फार कामसू झालं आहे. नाताळ झाला की गावातली टाकून दिलेली नाताळची झाडं गोळा करून ओढ्याच्या काठाला बांधायची, म्हणजे गाळ अडतो. (एका झाडाला मिसेस ब्रेक्केच्या आजीचा काचेचा पक्षी तसाच लटकलेला राहिला. आता तो ओढ्यात आहे, आणि मिसेस ब्रेक्के अजून रुसलेली आहे.) वसंतात ओढा साफ करायचा. यंदा टायर निघाले, कुंपणाची तार निघाली, आणि वळणावरच्या डोहातून एक जुनं कपडे पिळायचं यंत्र निघालं. सगळे म्हणाले, कोण हे रानटी लोक! मी ते ओळखलं. तुमच्या आईचं होतं, तुमच्या वडिलांनी ढकललेलं. मी गप्प बसून सगळ्यांना कॉफी वाढली. मंडळात माझं काम तेच: मी आयुष्यात एक मासा धरलेला नाही, पण त्यांना जेवायला घालते. अध्यक्ष आहे ड्वेन रुंडहॉग, तो विमेवाला. जन्मभर लोकांना मरणाची भीती घातली, आता निवृत्त झाल्यावर माशांच्या मरणाची घालतो. पण माणूस मनापासून करतो.

यंदा मात्र त्याचं भाकीत खरं झालं. जूनपासून पाऊस नाही. मका गुडघ्याएवढाच राहिला आणि तसाच वाळला. वरच्या झऱ्याचं पाणी करंगळीएवढं झालं, ओढ्याची डबकी झाली, आणि त्या कोमट डबक्यांत आमचे ब्रूक ट्राउट तोंड वर करून श्वास मोजत पडले. खालच्या अंगाला जे तपकिरी ट्राउट आहेत ते बाहेरून आणून सोडलेले, ते पुन्हा आणता येतात. हे वरचे मात्र याच ओढ्याचे, आपल्या पणजोबांच्याही आधीपासूनचे. ड्वेन सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "हे गेले तर पैसे टाकूनही मिळणार नाहीत. मला फक्त थंड पाणी पाहिजे. कुणाकडे आहे थंड पाणी?" सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. तेवढ्यात मार्लिस (ती पोस्टातली, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही) म्हणाली, "सेल्मरची दुधाची टाकी रिकामीच आहे की. गार करायचं यंत्र आहे, ढवळायचं पातं आहे, अजून काय पाहिजे?"

मी घरी येऊन भीतभीत सांगितलं. तुमचा भाऊ म्हणाला, "ती दुधाची टाकी आहे." मी म्हटलं, "हो, पण दूध कुठंय?" हे बोलायला नको होतं. तो उठून बाहेर गेला. जेवायला आला नाही. मी खिडकीतून पाहिलं तर दूधघरात दिवा, आणि आतून टाकी घासल्याचा आवाज.

दुसऱ्या दिवशी सगळं मंडळ बादल्या आणि जाळी घेऊन डबक्यांत उतरलं. सरकारी मासेखात्याचा माणूस आला, टाकीत डोकावला, हसला आणि हो म्हणाला. बादल्यांची रांग लागली आणि ओढ्यातले मासे आमच्या दूधघरात आले. आणि भावजी, काय सांगू, घराला पुन्हा पहाट आली! सेल्मर धारेच्या वेळी उठे तो शीळ घालत. (शीळ! मला वाटलं किटलीच वाजते आहे.) थोडं पाणी सोडायचं, विहिरीचं ताजं भरायचं, नाकतोडे पकडायचे, गांडुळं चिरायची. गांडुळांचा डबा माझ्या फ्रिजमध्ये, कॉफीच्या डब्याशेजारी, तशाच कॉफीच्या डब्यात. पुढं काय झालं ते पाद्रीबाबा कधी भेटले तर त्यांनाच विचारा. गाईंना लावायचा तोच पोल्काच्या नाचगाण्यांचा रेडिओ माशांना लागला. मी म्हटलं, "अरे, माशांना कान असतात का?" तर म्हणतो, "डाग्नीला तरी कुठं पुरते दोन होते?" दोन वर्षांत केलेला हा पहिला विनोद. मी तो मिसेस ब्रेक्केला सांगितला, मार्लिसला सांगितला, आणि आता तुम्हाला.

पण सुख आमच्याकडे आलं की उभ्याउभ्याच येतं, बसत नाही. सप्टेंबराच्या तोंडाला पलीकडच्या पुलाचं काम निघालं आणि लाइलची दूधगाडी आमच्या रस्त्यानं वळवली. बिचारा लाइल, जुनी ओळख म्हणून आमच्या फाटकाशी त्यानं पूर्वीसारखा भोंगा वाजवला. त्यात त्याचा काय दोष? पण तुमचा भाऊ त्या वेळी टाकीशी उभा होता. लाइल टाकी रिकामी करून निघाला की भोंगा द्यायचा, आणि भोंगा ऐकला की सेल्मर टाकी धुवायचं बटण दाबायचा. अख्खं आयुष्य तसंच गेलं. भोंगा वाजला आणि हातानं बटण दाबलं. डोक्याला विचारलंच नाही. वरून कढत पाण्याचे फवारे सुटले, आणि जुन्या साबणाची जी काही खरड नळीत उरली होती तीही आली. त्यानं धावत जाऊन वीज तोडली, बर्फ ओतला, हातानं पाणी उपसलं. मी पोचले तेव्हा तो खांद्यापर्यंत टाकीत वाकलेला होता आणि म्हणत होता, "नाही, नाही, नाही."

बरेचसे वाचले. बरेचसे गेलेही. त्यानं ते गोठ्यामागं, जिथं आपली गेलेली वासरं पुरायचो, तिथं पुरले. ड्वेन आला. मला वाटलं आता भाषण करील. पण त्यानं हॅट काढली आणि एवढंच म्हणाला, "डबक्यात सगळेच गेले असते, सेल्मर." (त्या दिवसापासून मी ड्वेनबद्दल वाईट बोलत नाही, वर लिहिलं तेवढं सोडून.) तुमच्या भावानं मात्र तोंड भिंतीकडं फिरवलं आणि पहाटे उठेनासा झाला. रिकाम्या गोठ्यात जायचा तेच बरं होतं, असं म्हणायची पाळी आली. मग मीच उठायची, मीच गांडुळं चिरायची, आणि मासे माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे की ही कोण? आठवडाभरानं मी पलंगाशी जाऊन म्हटलं, "हे बघ, ते माझ्या हातचं नीट खात नाहीत. माणसंसुद्धा केवळ भिडेखातर खातात." तेव्हा कुठं तो उठला.

आणि नेमका तेव्हाच पाऊस आला! शेतं बुडाली, आमचा ओढा भरून वाहायला लागला, सगळा गाव देवाचे आभार मानत होता, आणि मी एकटी खिडकीशी उभी राहून देवाला म्हणत होते, अहो, जरा दम धरायचा होता.

कारण थर्मामीटर माझ्याकडे. ओढा आमच्या मागूनच जातो, म्हणून रोज सकाळी पाण्यात थर्मामीटर बुडवायचं काम मंडळानं मला दिलं. मला आकडे नीट दिसत नाहीत, म्हणून मार्लिसनं नखं रंगवायच्या रंगानं त्यावर लाल रेघ ओढून दिली. पारा रेघेच्या वर, तर मासे टाकीतच. पारा रेघेच्या खाली गेला, तर मासे परत ओढ्यात. मी ड्वेनला फोन लावायचा आणि एक शब्द सांगायचा. पाऊस पडला तसा पारा रेघेच्या खाली आला, आणि चांगला खाली आला. मी फोन लावला. फोनखालच्या खुर्चीत तुमचा भाऊ, मांडीवर वाटी, नाकतोड्यांचे पाय काढत बसलेला, तोंडानं शीळ घालतोय. मी म्हटलं, "वर." दुसऱ्या दिवशी म्हटलं, "वर." त्यानंतर सवयच झाली. पहाटे गवतावर दहिवर गोठायला लागलं तरी आमचा ओढा आपला वरच! ड्वेन एकदा म्हणाला, "नवलच आहे, आर्डिस." मी म्हटलं, "खालून गरम झरा लागला असेल." विम्यात मुरलेला माणूस, पण त्यानं विश्वास ठेवला. किंवा ठेवला असं दाखवलं.

काल सकाळी मी ओढ्यावर वाकले होते तर मागं बुटांचा आवाज. सेल्मर. तो ओढ्यावर कधी येत नाही.

"किती आहे?" म्हणाला.

"वर आहे."

"कशाच्या वर?"

तो खाली बसला, गुडघे कटकट वाजले, आणि त्यानं मनगटापर्यंत हात पाण्यात घातला. बराच वेळ ठेवला.

"माझा हात अजून मेलेला नाही, आर्डिस."

"तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"पाऊस आला तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू कुठं बोललीस?"

मग पाण्याकडं बघतच त्यानं सांगितलं, की परवा एक मादी टाकीच्या तळाशी आडवी होऊन शेपटी आपटत होती. त्याला वाटलं मरते आहे. पण ती घरटं खणत होती. या दिवसांत माद्या ओढ्यातल्या खडीत खळगा करून अंडी घालतात, तसं ती बिचारी टाकीच्या गुळगुळीत पोलादात खळगा करायला बघत होती. रात्री तिनं तशीच, उघड्या पत्र्यावर अंडी टाकली. सकाळी ढवळायचं पातं फिरलं आणि ती सगळीकडं पसरली.

"आपल्या पायी," तो म्हणाला. "कळव ड्वेनला."

मी घरी येऊन फोन लावला आणि म्हटलं, "खाली." पलीकडून ड्वेन म्हणाला, "थँक यू, आर्डिस," अगदी हळू. शनिवारी मंडळ बादल्या घेऊन येईल आणि मासे वरच्या झऱ्यापाशी सोडतील. मी भट्टीत दोन मोठ्या थाळ्या बटाटे-मांसाची हॉटडिश करणार आहे. लोक खातील, फोटो काढतील, जातील. मग रविवार उजाडेल.

सगळ्यांना माझे आशीर्वाद.

तुमची वहिनी,
आर्डिस

ता. क. फर्नची लेफ्सेच्या पोळ्या उलटायची लांब काठी माझ्याकडेच राहिली आहे. ती मी चोरलेली नाही, असं तिला सांगा.

ता. क. २. आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. ती डाग्नी. क्रेगला विचारा, ती आता दूध तरी कितीसं देत असेल? लाथा मात्र पहिल्यासारख्याच झाडत असेल. नाताळापूर्वी बाजाराला जायचीच ना? तर ती आम्हाला द्या. पण मी मागितली असं लिहू नका, तो ऐकणार नाही. तुमच्या भावाला लिहा की ही गाय आम्हाला नको झाली आहे, क्रेगला लाथ बसली, टॅमी तिच्या वाऱ्याला उभी राहत नाही, तू विकलीस तर तूच निस्तर. तो शिव्या देईल. देऊ द्या. टाकीत एका गाईचं दूध म्हणजे दर्यामें खसखस, पण बटण तरी कारणी लागेल.

ता. क. ३. हे पाकीट चिकटवत होते तेवढ्यात तो गोठ्यातून आला आणि म्हणाला, "कुणाला लिहितेस?" मी म्हटलं, "भावजींना, तब्येती विचारते." तो फोनखाली जाऊन बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "मग त्या दीडकानीचीही विचार. थंडी पडली की तिचा तो कान ठणकतो. क्रेगला समजायचं नाही." त्याच्या बाहीला ताजा पेंढा चिकटलेला होता, गाईखाली अंथरायचा तो. मी गोठ्यात जाऊन पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

तेव्हा भावजी, लगेच लिहा. शनिवारच्या आत पोचेल असं लिहा, आणि पाकिटावर माझं नाव नको, त्याचं घाला. बियाण्यांच्या जाहिरातीखेरीज त्याला हल्ली टपाल येत नाही.