फुलटोच्या गप्प झाला ते वर्ष

१ जानेवारी
नवी यादी सुरू! पहिला मान कावळ्याचा. दाराला अडकवलेल्या दुधाच्या पिशवीवरच बसला होता. विद्युलता आतून म्हणाली, "निवृत्त माणसानं आज तरी उशिरा उठावं." हिला पक्ष्यांचं काही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, कावळा नि कोकिळा यांच्यापुढे मजल गेली नाही.
मग अंबत्तूरच्या तळ्यावर. टिबुकली, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी. नियम जुनाच — पाहिलेला चालेल, नुसत्या आवाजावरून ओळखलेलाही चालेल. पण खात्री हवी.

१९ जानेवारी
चमत्कारिक आहे. यादीत फुलटोच्या अजून नाही! अंगठ्याएवढा जीव, दिसत नाही सहसा. पण त्याच्या टिक्-टिकीशिवाय या कॉलनीत कधी उजाडत नसे.

६ फेब्रुवारी
अजून नाही.

२३ फेब्रुवारी
शोध चालू. सिंगापूर चेरीची झाडं जागेवर, लाल फळं लगडलेली. मागच्या आंब्यावर बांडगूळ आहे — तेही त्याच्या आवडीचं. मग गेला कुठे?
खालच्या मजल्यावरच्या गुरुमूर्तींना विचारलं. तंजावरचे मराठी, चार पिढ्या इकडेच. म्हणाले, "डासाचं धूर मारतात की! त्यात किडे मेले. किडा नाही तर पक्षी काय खाणार? सेरी?" (सेरी म्हणजे 'बरोबर ना?', इथल्या तमिळ ढंगाचं.)
पटण्यासारखं आहे. शिंजीरही गप्प वाटतो यंदा.

११ मार्च
काल आमच्या पक्षिमित्रांपुढे विषय काढला. गट चालवते ती नित्या, गुरुमूर्तींची मुलगी. सगळ्यांना तमिळमध्ये समजावून झाल्यावर माझ्याकडे वळली — "अंकल, तुमचे कान म्हणजे आमचं रेकॉर्डिंग मशीन. तुम्ही नाही म्हणता म्हणजे नाहीच!" धुराविरुद्ध महापालिकेला पत्र जाणार. सगळ्यांच्या सह्या. मसुदा मी करायचा. फुशारलो, खोटं कशाला सांगू!

२८ मार्च
चेरीखाली खुर्ची टाकून मसुदा लिहीत होतो. विद्युलता कॉफी घेऊन खाली आली. पेला हातात देता देता म्हणाली, "काय टिकटिक लावलीय हो यानं! तुम्हाला लिहायला सुचतं तरी कसं?"
"कुणी?"
"कुणी काय! हा काय, डोक्यावर."
वर पाहिलं. फुलटोच्या! हात वर केला असता तर लागला असता. चोच उघडत होती, मिटत होती. उघडत होती, मिटत होती. आवाज नाही.
तिला म्हटलं, डोळे मीट आणि तो ओरडेल तेव्हा माझ्या हातावर बोट टेकव. मी पक्ष्याकडे बघत राहिलो. चोच उघडली की बोट. चोच उघडली की बोट. एकदाही चुकलं नाही.
पक्षी कुठेही गेलेला नाही. माझे कान गेलेत.
गंमत अशी, की आधी आनंद झाला — आहे! फुलटोच्या आहे! दुसरी गोष्ट जिना चढताना लक्षात आली. मधेच पायरीवर बसलो.
संध्याकाळी विद्युलता जवळ येऊन, मोठ्यानं — "म्हणजे मी बोलते तेही...?"
"काही काही निसटत असेल."
"मला वाटायचं, तुम्हाला उत्तरच द्यायचं नसतं. पाखरांचं सगळं ऐकू येतं, माझंच तेवढं नाही."
काहीच बोललो नाही. तेही चुकलंच.

३१ मार्च
गटापुढे सांगून टाकलं. पत्र रद्द. कुणी वर बघेना. नित्या म्हणाली, "अंकल, अजून कुठले कुठले आवाज गेले? बघू या?" पोरीनं दया दाखवली नाही, प्रश्न विचारला. बरं वाटलं.

४ एप्रिल
कानांची तपासणी. हातात कागद दिला — एक रेघ निम्म्यापर्यंत सरळ चालत येते आणि मग बारीक आवाजांपाशी दरड कोसळावी तशी खाली. तपासणारी म्हणाली, "कारखान्यात होता?" होतो, उभा जन्म. कानात बोळे घालायची पाटी होती. कोण घालतो!
यंत्र लावा म्हणाली. बघू, म्हटलं.

२ मे
विद्युलता तळ्यावर येऊ लागलीय! "एकटे गेलात तर मागून आलेली स्कूटर कळायची नाही," हे कारण. मी माझे गेलेले आवाज शोधतो, ती हातावर बोट टेकवते. शिंजीर — अर्धा गेला. शिंपी — ठणठणीत. फुलटोच्या — पूर्ण गेला. हे हरवलेल्यांचं मोजमाप करण्यात रंगून जायला होतं, हे कुणाला सांगितलं तर वेडा म्हणतील.

११ ऑक्टोबर
कमाल झाली! कॉलनीमागच्या पाल्याच्या ढिगापाशी तिनं दंड धरला. "थांबा. कुणीतरी शीळ घातली. दोन तुकड्यांत. माणूस नव्हे." मला काही नाही. उभे राहिलो. डास फोडून काढत होते. आणि पाल्यातून टुणटुणत आला नवरंग! हिरवा, निळा, पोटाखाली लाल. उत्तरेकडून दक्षिणेला जाताना दोन दिवस टेकला असणार.
मी एकटा असतो तर सरळ पुढे गेलो असतो.
"यादीत लिहा," ती म्हणाली. "पण मी दाखवला म्हणून लिहा."
तसंच लिहिलं. उद्या यंत्राचं विचारून येतो.

१४ नोव्हेंबर
यंत्र बसलं. जग केवढं करकरतं! वर्तमानपत्राची घडी, पंख्याचं पातं, माझ्याच चपला. कावळे तर असह्य. चेरीखाली जाऊन उभा राहिलो. फुलटोच्या ऐकू आला — पण पत्र्यावर खिळा घासल्यासारखा. हा तो नव्हे. सवय होईल म्हणतात.

१७ नोव्हेंबर
सकाळी निघताना शीळ ऐकली. बारीक, सुरेल. वाटलं, दयाळ खिडकीत येऊन बसला. दुर्बीण घेऊन दबकत स्वयंपाकघरापाशी गेलो. विद्युलता! भेंडी चिरता चिरता, दातांतून शीळ घालत होती.
"हे कधीपासून?"
"शाळेत होते तेव्हापासून. सासूबाई होत्या तोवर बंद होती. मग पुन्हा सुरू केली — रोजच घालते की." सुरी थांबली. "मला वाटलं, तुम्हाला आवडत नाही म्हणून कधी काही म्हणत नाही."
आज तळ्यावर गेलो नाही.