कोलशेतचा बंगला आणि डोंबिवलीचं आमंत्रण

कोलशेत, मंगळवार

चि. सुधीर यास हरिहर भावोजींचे अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर आता बरी असेल आणि तुझ्या ताईचा रागही उतरला असेल, अशी आशा आहे. फोनच केला असता, पण तुझा मोबाइलही सध्या तीच उचलते आणि माझा आवाज ऐकून ठेवून देते.

तिने तिची बाजू सांगितली असेलच. बंगला दीडशे वर्षांचा आहे (असं तो आम्हाला विकणारा सिल्वेस्टर म्हणतो; जिना मात्र त्याहून वयस्कर वाटतो). डोंबिवलीत दोन खोल्यांत जन्म काढलेल्या माणसाला एकदम इतक्या खिडक्या, खाडीचा वारा आणि अंगणात दगडी क्रूस मिळाला की तो हवेत जातो, तसा मी गेलो. पहिल्याच आठवड्यात खालीही आलो, म्हणजे माझा एक पाय दिवाणखान्याच्या लाकडी जमिनीतून मांडीपर्यंत आरपार गेला. वाळवीने आतलं सगळं खाऊन वरचं पॉलिश तेवढं आमच्यासाठी ठेवलं होतं. कौलं बदलायला माणूस चढवला, तर त्याने एक बदलेपर्यंत त्याच्या पायाखाली तीन फुटली. माळ्यावर वटवाघळं आहेत (त्यांना मी काही बोलत नाही, ती आमच्या आधीपासूनची).

पण सरोज यामुळे गेलेली नाही. ती गेली चण्यांमुळे. मे महिन्यात गाव आपल्या क्रूसापुढे प्रार्थनेला जमतं आणि मग बंगल्याच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना उकडलेले चणे द्यायचे, अशी इथली जुनी पद्धत. सिल्वेस्टरची बहीण बर्नाडेट हे सांगायला आली आणि तिला फाटकापर्यंत सोडताना मी सवयीने म्हणालो, या ना एकदा सगळे चहाला. सुधीर, हे वाक्य मी डोंबिवलीत जिन्यात उभा राहून आयुष्यभर म्हणत आलो आणि आजवर कोणी आलेलं नाही. इथे दुसऱ्याच दिवशी सगळे आले. म्हाताऱ्या आल्या, कडेवरची पोरं आली, एक जण गिटार घेऊन आला. सरोजने कप संपल्यावर वाट्या काढल्या, वाट्या संपल्यावर फुलपात्रं, आणि शेवटच्या माणसाने देवपूजेच्या पंचपात्रातून चहा प्यायला. निघताना बर्नाडेट मायेने म्हणाली, "रविवारी चणे तुझ्याच हातचे हां, बाय." सरोज गोड हसली, आत गेली आणि बॅग भरून विठ्ठलवाडीला तुझ्याकडे आली.

तिच्याशिवाय हे घर फार मोठं आहे रे. मी शिंकलो तरी तीन खोल्यांत ऐकू जातं. मला तिची आठवण येते, हे सध्या वटवाघळांनाच सांगतो.

मुलांना आशीर्वाद. सुट्टीत तुम्ही सगळे आठवडाभर राहायलाच या, खोल्या भरपूर आहेत.

तुझा,
हरिहर

ता. क. : चणे मी भिजवीन, उकडीनही. पण ते वाढायला ताईच हवी, बर्नाडेट रोज तिची चौकशी करते. रविवारच्या आत तिला रिक्षात बसव.

आणखी एक : धड जमिनीची खोली एकच आहे. तेव्हा वरचं आमंत्रण तुम्ही डोंबिवलीच्या पद्धतीने समजावं. ताईला ते कोलशेतच्या पद्धतीने आहे, एवढं तिला वाचून दाखव.