इंगोलस्टाट कोतात्सुवर मावत नाही

१२ जानेवारी, रविवार
वॉर्डाच्या हॉलमधली नेहमीची खोली. आम्ही बनवत असलेला पटावरचा खेळ, 'चार ड्यूक', आज पहिल्यांदा शेवटपर्यंत खेळला गेला. मी नेहमीप्रमाणे दाढीवाला, म्हणजे इंगोलस्टाट. हिराता-सान श्रीमंत, म्हणजे लान्ड्सहूट. ओनो-सान आणि सई म्युनिकचे दोघे भाऊ. सई मध्येच म्हणाली, "बाबा, तुझी पाळी आली की मी चहा पिऊन येते." हिराता हसला. जरा जास्तच.
हरलो. पण नकाशा उत्तम चालला. एकसष्ट गावं, एकही चुकीच्या जागी नाही.

आवराआवर करताना ओनो-सान लाकडी सोंगट्या डब्यात भरत होते (सगळ्या त्यांनी स्वतः कापलेल्या), मान वर न करता म्हणाले की मार्चअखेर मुलाकडे सेन्दाईला जातोय. कायमचा. मेमधल्या खेळांच्या जत्रेत एक टेबल त्यांच्या नावाने घेतलंय. "पुढचं तुम्ही दोघं मिळून बघा."
हिराता आणि मी, दोघंही वाकलो. एकमेकांकडे बघितलं नाही.

दोघं मिळून. सात वर्षं बव्हेरियाच्या वाटण्यांत घालवलेला माणूस हे वाक्य बोलतो!

१९ जाने., रवि.
खोक्याच्या पाठीवर छापायचा मजकूर लिहायला बसलो. पाचवा खर्डा:
"म्हाताऱ्या ड्यूकच्या मागे तीन मुलगे. रिवाज असा की सगळेच वारस, राज्य एकत्र चालवायचं. जमलं नाही. बव्हेरियाचे तीन तुकडे झाले: इंगोलस्टाट, लान्ड्सहूट, म्युनिक. पुढच्या पिढीत चौघे चुलतभाऊ. स्ट्राउबिंगची गादी रिकामी पडली तेव्हा तिचेही चार भाग केले आणि चिठ्ठ्या टाकल्या. तुम्ही या चौघांपैकी एक आहात."
नीलाला वाचून दाखवला. म्हणाली, "कळलं. म्हणजे आपल्याकडच्यासारखंच. फक्त थंडी जास्त."
बायकोची दाद अशी.

नोंद: जर्मन मी कुठल्याही क्लासला न जाता शिकलो. सोलापूरच्या पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, पोटापाण्याला सॉफ्टवेअर टेस्टिंग. जुनी सनद समोर ठेवली तर अडखळत का होईना वाचतो. हे कुठे छापायचं नाही. पण आहे.

२६ जाने., रवि.
हिराता छापखान्यात आहे, कागदाच्या मापातच विचार करतो. आज सेन्बेईचा, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांचा, पुडा फोडून सगळ्यांना वाटला आणि मग प्रस्ताव: नकाशा निम्म्या मापाचा. गावं एकसष्टची चोवीस. "कुफश्टाइन, कित्स्ब्युएल, राटेनबेर्ग एकत्र करून 'डोंगराकडचा भाग' म्हणू, मोघे-सान."
डोंगराकडचा भाग!
मी शांतपणे सांगितलं (शांतपणेच) की इंगोलस्टाट हे सलग राज्यच नव्हतं. वाटणी उत्पन्न बघून झाली, जमीन बघून नाही. म्हणून हा वाटा सांडलेल्या पोह्यांसारखा पसरलाय: एक दाणा डॅन्यूबच्या काठी, एक आल्प्समध्ये, एक शत्रूच्या अंगणात. दाढीवाल्याचा सगळा संताप त्यातूनच येतो. पोहे गोळा करून दिलेत तर तो चिडेल कशाला?
हिराता ऐकून घेतो. तेच वाईट. मग सईकडे वळून म्हणाला, "सई-सान, तुमच्या कॅफेतली गिऱ्हाईकं काय म्हणतात?" ती बोर्डगेमच्या कॅफेत बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करते, तिथे तिने आमचा खेळ मांडून बघितलाय. मला माहीत नव्हतं.
सई जपानीत म्हणाली, "चिची नो चिझु वा, चोत्तो…"
माझ्या वडिलांचा नकाशा, जरा… आणि वाक्य तिथेच सोडलं.
एकोणीस वर्षं काढली इथे. ते उरलेलं अर्धं वाक्य मला ऐकू येतं.

२७ जाने., सोम.
ऑफिसात लक्ष नाही. मॅनेजरशी बोलताना दोनदा "बग"ऐवजी "गाव" म्हणालो असेन, नक्की काय बोललो आठवत नाही.
कोतात्सुच्या पांघरुणात पाय घालून, त्या बुटक्या गरम टेबलाशी जेवताना सईला मराठीतच विचारलं, काय वाईट आहे नकाशात?
"वाईट नाही रे. मोठा आहे. कुणाच्याच कोतात्सुवर मावत नाही. आपल्यापण नाही."
मी म्हटलं, इतिहास कोतात्सुच्या मापाने घडला नाही.
"पण खेळतात कोतात्सुवर."
नीला म्हणाली, "अहो, वरण गार होतंय."

९ फेब्रु., रवि.
झालं. तुटलं.
हिरातानं चोवीस गावांचा नमुना छापून आणला. न विचारता. माझा रंग, माझी अक्षरं, माझ्या नद्या. सफाईने केलंय, हे कबूल. पण लेख नदी राइन गावाच्या चुकीच्या बाजूने वाहवली आहे. मी बोट ठेवलं. तो म्हणाला, इतकं कोण बघतो. मी म्हणालो, मी बघतो.
ओनो-सान खिडकीतून खाली सायकली बघत होते.
शेवटी हिराता, अगदी आदबीने: "मग वाटणी करू या का, मोघे-सान? नियम माझे, नकाशा तुमचा. ज्यानं त्यानं आपला खेळ करावा."
मला 'नको' म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "वाटे मी पाडतो. बिनचूक पाडीन."

११ फेब्रु., मंगळ. (सुट्टी)
दिवसभर तेच. लाकडी सोंगट्या चार रंगांच्या, किल्ले, पत्ते, फासे. प्रत्येक गोष्टीचे दोन सारखे वाटे. एक किल्ला जास्त निघाला तर दुसरीकडे दोन घोडेस्वार. कुणी बोट ठेवू शकणार नाही. असं काम बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. संध्याकाळी बरं वाटत होतं. खोटं का लिहू.

२३ फेब्रु., रवि.
वाटणी. हिरातानं वाटे दोन्ही बाजूंनी निरखले आणि म्हणाला, "परिपूर्ण आहे." मनापासून म्हणाला. आम्ही एकमेकांना वाकून आपापला डबा उचलला.
सईनं माझा डबा उघडला. तांबडे घोडेस्वार मोजायला लागली, मग निळे, मग थांबली. हिराताच्याही डब्यात डोकावली.
"निम्मे तांबडे इकडे, निम्मे तिकडे. सगळ्याच रंगांचं तसं." मग दोघांकडे बघत जपानीत, "आता खेळ कुणाकडेच नाही."
हिराताचा चेहरा पडला. माझाही पडला असणार. दोघांच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. दोन रंग त्याला, दोन मला, अशी वाटणी शाळेतल्या पोरानं केली असती. पण तांबड्या घोड्यांचं लाकूड चांगलं आहे, ते पूर्ण एकाला कसं द्यायचं?
सुचवलं कुणीच नाही की परत एकत्र करू. डबे घेऊन आपापल्या वाटेला लागलो.

वाटायचं उरलंय फक्त जत्रेतलं टेबल. त्याचे दोन तुकडे होत नाहीत. ओनो-सान म्हणाले, "त्याचा अमिदा काढू, रेघांची सोडत. मी जायच्या आधी."

२ मार्च, रवि.
सई म्हणाली, हिराता-सानना टेबल मिळालं तर मी तिथे उभी राहणार, लोकांना नियम समजावायला. ठरलंय.
माझ्या तोंडून गेलं: "कुबडा."
तिला कळायला नको होतं, पण ती या खेळात वाढली आहे. दाढीवाल्याचा मुलगा. बापाविरुद्ध उठला, त्याला कैद केलं, आणि अखेर बाप त्याच्या सगळ्यात मोठ्या वैऱ्याच्या, लान्ड्सहूटच्या श्रीमंताच्या, कोठडीत जाऊन पडला.
सईनं माझ्याकडे रोखून बघितलं. मग, "आणि टेबल तुला मिळालं तर?"
मी म्हणालो, काय तर?
"तर मी कुठे उभं राहायचं? तू विचारलंच नाहीस."
खोलीत गेली. दार आपटलं नाही. हळूच लावलं, इथल्या मुली लावतात तसं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

५ मार्च, बुध.
मोठा नकाशा टाकून द्यायचा ठरवला. गुंडाळून खाली नेला. पण तो लॅमिनेट केलेला. कागद म्हणून टाकावा की प्लास्टिक म्हणून की जाळायच्या कचऱ्यात? पाटीवर तीनही चित्रं आहेत, यातलं एकही याला लागू नाही. शेजारच्या बाई कुत्रा घेऊन आल्या, थांबल्या, नकाशाकडे बघून म्हणाल्या, "केवढा सुंदर." कुठला देश, असंही विचारलं.
म्हणालो, आता नाहीये तो.
परत वर घेऊन आलो.

९ मार्च, रवि.
हॉल बंद. घरीच.
सई एका आठवड्यात माझ्याशी बोललेली वाक्यं: चावी कुठे आहे, मी जेवून आलेय, हो.
आज मात्र स्वयंपाकघरात, पाठमोरी, भांडी पुसता पुसता मराठीत म्हणाली, "कुबड्याला हवं काय होतं?"
म्हणजे?
"सात वर्षं ऐकतेय. दाढीवाल्यानं कधी मान वाकवली नाही, सुटकेसाठी पैसे भरले नाहीत, किल्ल्यातच मेला. तू हे सांगताना उभा राहतोस, बाबा. मुलाला काय हवं होतं ते कधी सांगितलं नाहीस."
सांगायला लागलो. बाप दुसऱ्या, अनौरस मुलाला झुकतं माप देत होता, याला भीती वाटली की गावांमागून गावं हातची जातील, उरणार काय… मध्येच थांबलो. हे सगळं मला माहीत आहे. कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं.
"म्हणजे त्याला राज्य मोडायचं नव्हतं," सई म्हणाली.
मी म्हटलं, ते इतकं सोपं नाही.
"असेल." टॉवेल वाळत घालून गेली.

नीलाचं मत: "तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी. मला त्या श्रीमंताचा पत्ता द्या, निदान जेवायला वेळेवर तरी येत असेल."

१६ मार्च, रवि.
हिराताचा मेसेज. लेख नदी दुरुस्त केली आहे, कृपया बघावी. सोबत फोटो.
बघितली. बरोबर आहे. उत्तरात "बरोबर आहे" लिहिलं. थोड्या वेळाने "आभारी आहे" लिहून पुसलं. मग परत लिहून पाठवलं.

२३ मार्च, रवि.
ओनो-सानचा शेवटचा रविवार. नीलानं करंज्या दिल्या होत्या. ओनो-सानना गुजिया आणि करंजी यातला फरक सांगायला गेलो, सईनं कोपर मारलं.

मग अमिदा. ओनो-सानांनी कागदावर दोन उभ्या रेघा काढल्या, एक हिराताची, एक माझी; एकीच्या पायाशी गोल, तो म्हणजे टेबल. तो भाग दुमडून झाकला. मध्ये आडव्या पायऱ्या. पेन फिरवायचं, प्रत्येकानं मनाला येईल तिथे आपली एक आडवी रेघ घालायची, म्हणजे नंतर कुणी म्हणू शकत नाही की ठरवून केलं. इथली बालवाडीतली मुलंसुद्धा असंच ठरवतात. चिठ्ठ्या टाकताना ते चौघे ड्यूकही असेच बसले असतील का, एकमेकांच्या हातांकडे बघत?
हिरातानं घातली. सईनं घातली, पटकन, न बघता. पेन माझ्याकडे.
कागदाकडे बघत राहिलो. दोन रेघा. कुठलीही पायरी घातली तरी टेबल एकाला जाणार, आणि दुसऱ्याकडे निम्मे तांबडे घोडे.
मी रेघ काढली. उभी. त्या दोन रेघांच्या शेजारी, वरपासून दुमडीपर्यंत.
"बाबा, आडवी घालायची. उभी नाही."
"माहीत आहे."
"मग ही कुणाची?"
तिच्याकडे बघवेना. रेघेच्या डोक्यावर तिचं नाव लिहिलं. जपानीत नाही, देवनागरीत: सई. आणि हिराताला म्हणालो की टेबल, नियम, नकाशा, सोंगट्या, सगळं तिच्याकडे. आपण दोघं तिच्या हाताखाली. तुम्हाला चालत असेल तर.
हिरातानं दातांमधून श्वास आत ओढला. आता 'चोत्तो…' येणार, वाटलं. आलं नाही. ओनो-सान मात्र हसायला लागले, करंजीचं सारण शर्टावर सांडलं.
सईनं कागद उघडला नाही. आणखी एक घडी घालून बॅगेत टाकला. "विचार करते," म्हणाली, आधी हिराताला, मग मला.
खाली स्टेशनपर्यंत तिघं एकत्र चाललो. हिराताच्या पिशवीत त्याचा डबा होता. रोज आणतो की काय, विचारलं नाही.

३० मार्च, रवि.
सकाळी सईनं कोतात्सुवरची पांघरुणाची घडी नीट केली, मोठा नकाशा त्यावर पसरला आणि समोर बसली. हिराताकडून आणलेली लांब पट्टी आणि कटर शेजारी.
"हिराता-सान हो म्हणालेत. त्यांची अट नाही. माझी आहे."
बोल.
"तिसरी रेघ माझी असेल तर नकाशा मी कापणार. कुठून, ते मी ठरवणार. तू लेख नदी सांगायची, राइन सांगायचं, चूक असेल तर चूक म्हणायचं. पण हात लावायचा नाही. चालेल?"
नीला दारात येऊन उभी राहिली. हातात चहा, द्यायचा विसरून.

नकाशा तसाच पसरलेला आहे. म्युनिक मधोमध, लान्ड्सहूटही बसतंय. उत्तरेकडे हिल्पोल्टश्टाइन कडेला टेकलंय, आणि कुफश्टाइन, कित्स्ब्युएल, राटेनबेर्ग माझ्या बाजूला खाली लोंबतायत, गुडघ्यावर. सई कटर उचलत नाहीये. वाट बघतेय.
मी म्हटलं, आधी हे लिहून घेतो.
"लिही," ती म्हणाली. "मी इथेच आहे."