आईच्या मनगटातली काच

कवठे येमाई
रविवार, संध्याकाळ

सुट्टीला घरी आलेय, पण नर्सिंगचं पुस्तक डोक्यातून जात नाही. कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणे मेलेल्या पेशींचा! म्हणजे आपण एकमेकांना हात लावतो तो मेलेल्याच भागाला? मग कळतं कसं? तर खालच्या थरात नसांची टोकं असतात, ती जागी असतात.

दुपारी हमीदाचाची बांगड्या भरायला आल्या. हात नुसता दाबला की माप कळतं त्यांना. त्यांच्या बोटांत नसा जास्तच असणार! आईला भरताना एक बांगडी पिचली, काच मनगटाच्या मागं रुतली, रक्त आलं. आई मावशीकडच्या लग्नाचं सांगत होती, ती सांगतच राहिली.

"टोचलं न्हाई व्हय, वहिनी?" चाचींनी विचारलं.

"भाकरी थापून थापून हात मेलाय माझा," आई हसली.

पण घट्टे पडतात तळहाताला. मनगटामागची कातडी तर पातळ. तिथं काच कळू नये? निरखून पाहिलं, तर रुपयाएवढा फिकट डाग. असा डाग बधिर असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं, औषधानं बरं होतं, हे शिकवलंय आम्हाला. तपासायचं कसं, तेही.

आत्ताच आईला डोळे मिटायला लावले. "कापूस लागला की सांग."

दंडावर फिरवला. "हां," म्हणाली.

मग डागावर. एकदा, दोनदा, तीनदा.

आई डोळे मिटून तशीच बसलेली. म्हणाली, "फिरव की आता. कवाची थांबलीय मी."